पुढचा आकडा कुणाचा: पर्ल, राकू आणि सख्ख्या प्रकल्पांची नावं

पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा. पर्ल ५ असलेल्या कुठल्याही मशीनवर एका फाइलीत ‘यूज व्ही६’ एवढीच ओळ लिहा आणि ती फाइल चालवा. पर्ल तिथेच थांबतं आणि सांगतं की व्ही६.०.० लागेल, इथे फक्त, समजा, व्ही५.३६.० आहे. हा संदेश वाचून कुणीही हाच अर्थ काढेल की आपल्याकडचं पर्ल जुनं झालंय, अपडेट करायला हवं. पण कितीही अपडेट केलं तरी ते ६ होणार नाही. ज्या फाइलींच्या डोक्यावर ही ओळ असते त्या वेगळ्याच भाषेत लिहिलेल्या असतात. त्या भाषेला २०१९ पर्यंत पर्ल ६ म्हणत, आता राकू म्हणतात.

ओपन सोर्समध्ये नावावरून वाद पेटला की बरेच जण त्याकडे अहंकाराचा मामला म्हणून बघतात आणि ‘कोड लिहा’ म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही. सॉफ्टवेअरमध्ये नाव म्हणजे कमांड, फाइलचा पाथ, लायब्ररीचा ओळखक्रमांक, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, सर्चमध्ये येणारी उत्तरं आणि आवृत्तीचा पुढचा आकडा. यातली प्रत्येक गोष्ट एका वेळी एकाच प्रकल्पाकडे राहू शकते. घरात कोण कुणाला काय म्हणतं याने काही अडत नाही, सातबाऱ्यावर नाव कुणाचं हा प्रश्न आला की अडतं. एकाच मुळातून निघालेल्या दोन प्रकल्पांचा वाद जवळजवळ नेहमी या सातबाऱ्याचा असतो, आणि तो जितका लांबतो तितकं दोघांचं नुकसान वाढतं. पर्लचं उदाहरण त्यात सगळ्यात बोलकं आहे, म्हणून आधी तेच सविस्तर घेतो.

पर्ल ६ हे नाव आलं कुठून

जुलै २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे भरलेल्या पर्ल कॉन्फरन्समध्ये पर्लचे निर्माते लॅरी वॉल यांनी पर्ल ६ ची घोषणा केली. पर्ल ५ ऑक्टोबर १९९४ मधलं, आणि त्याच्या आतल्या कोडला हात लावणं तोवर फार अवघड झालं होतं. नव्या भाषेसाठी लोकांकडून प्रस्ताव मागवले, ते ३६१ आले. त्या घडीला ६ हा आकडा योग्यच होता. ५ नंतर ६ येईल, जुना कोड कुठल्या तरी सुसंगत मोडमध्ये त्यावर चालेल आणि सगळे हळूहळू तिकडे सरकतील, अशी कल्पना होती.

आराखडा मात्र वाढतच गेला. २००५ मध्ये ऑड्री टँग यांनी हास्केल या भाषेत पग्ज ही पर्ल ६ ची अंमलबजावणी सुरू केली. पॅरट नावाचं व्हर्च्युअल मशीन होतं, मग राकूडो कंपायलर आला, मग मोअरव्हीएम हे दुसरं व्हर्च्युअल मशीन. पहिली स्थिर आवृत्ती ६.सी आली ती थेट २०१५ च्या ख्रिसमसला. पुढची ६.डी नोव्हेंबर २०१८ मध्ये आली आणि तिचं टोपणनाव चक्क ‘दिवाळी’ आहे. सी म्हणजे ख्रिसमसचं इंग्रजी आद्याक्षर, डी म्हणजे दिवाळीचं. आपल्याकडच्या फार थोड्यांना हे माहीत असेल.

घोषणा आणि पहिली स्थिर आवृत्ती यांच्यात पंधरा वर्षं गेली, आणि तेवढ्यात भाषा मुळापासून वेगळी झाली. पर्लमध्ये ॲरेचा पहिला घटक $ लावून काढतात, राकूत तिथेही @ च राहतं. पर्लमध्ये दोन स्ट्रिंग टिंबाने जोडतात, राकूत ~ ने. पर्लमध्ये मेथड बाणाने बोलावतात, राकूत टिंबाने. रेगेक्समधली (मजकुरात शोधायच्या नमुन्यातली) मोकळी जागा पर्ल जशीच्या तशी जुळवून बघतं, राकू ती सोडून देतं. म्हणजे पर्लसाठी लिहिलेलं उत्तर शोधून राकूत चिकटवलं तर ते पहिल्या दोन-तीन ओळींतच मोडतं. टिंबाने स्ट्रिंग जोडायला गेलात तर कंपायलर ओळखतो आणि ‘इथे ~ वापरा’ असं सांगतो. ही सोय चांगलीच आहे, पण कंपायलरमध्ये ती घालावी लागली यावरूनच कळतं की चुकून दुसऱ्या दारात आलेल्यांची संख्या किती असेल.

कुणाचं काय बुडत होतं

पर्ल ५ वाल्यांची तक्रार सरळ होती. ६ हा आकडा दुसऱ्याने घेतल्यामुळे त्यांना पुढे जायला जागाच उरली नव्हती. ५.८.० जुलै २००२ मध्ये आलं आणि ५.१०.० डिसेंबर २००७ मध्ये. या साडेपाच वर्षांत बाहेर एकच चर्चा होती, ६ कधी येणार. एप्रिल २०१० च्या ५.१२ पासून दरवर्षी नवी आवृत्ती येऊ लागली, भाषेत भर पडत राहिली, पण बाहेरून बघणाऱ्याला पहिला आकडा तोच दिसायचा. नवा प्रकल्प कशात करायचा हे ठरवणारा माणूस ५ आणि ६ शेजारी-शेजारी बघतो तेव्हा तो ५ निवडत नाही, आणि ६ तयार नसेल तर तिसरीच भाषा निवडतो.

पर्ल ६ वाल्यांची तक्रार तितकीच खरी होती. त्यांच्या डोक्यावर पर्लची सगळी जुनी कीर्ती होती: वाचायला अवघड कोड, चिन्हांची गर्दी. त्यांच्या भाषेत ग्रामर ही भाषेचाच भाग आहे, हवे तिथेच टाइप लावता येतात, युनिकोड मुळापासून हाताळला आहे. हे ऐकायला कुणी थांबतच नव्हतं, कारण नाव ऐकताच लोक ‘ते पर्ल ना?’ म्हणून पुढे जायचे. आणि सुसंगत असेल या आशेने आलेला पर्ल ५ चा माणूस निराश होऊन परत जायचा.

मधल्या काळात दोन्हीकडच्यांनी ‘भगिनी भाषा’ असा शब्दप्रयोग रूढ केला. दोघी बहिणी आहेत, एकीच्या जागी दुसरी आलेली नाही, असं प्रत्येक माहितीपत्रकात लिहिलं जायचं. हेतू चांगला होता, पण उपयोग झाला नाही. माहितीपत्रक वाचणारे थोडे असतात आणि आकडा सगळ्यांना दिसतो.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. या दोन प्रकल्पांत खरी देवाणघेवाण होती. पर्ल ५.१० मधलं ‘से’ (ओळ छापणारं फंक्शन) आणि // हा ऑपरेटर पर्ल ६ च्या आराखड्यातून आले. मूस ही पर्ल ५ ची ऑब्जेक्ट प्रणाली २००६ मध्ये पर्ल ६ च्या कल्पना घेऊनच उभी राहिली. उसनं आणलेलं सगळंच रुजलं असं नाही. स्मार्टमॅच हा तुलनेचा ऑपरेटर ५.१० मध्ये आला आणि ५.१८ मध्ये त्याला प्रायोगिक ठरवावं लागलं. पण माणसं, परिषदा, निधी देणारी संस्था, सगळं सामाईक होतं. म्हणूनच नाव बदलायचा विषय काढणं म्हणजे घर सोडून जाणं आहे असं अनेकांना वाटायचं, आणि विषय वर्षानुवर्षं पुढे ढकलला गेला. माझ्या मते २०१० मध्ये, राकूडो स्टार हे पहिलं वापरण्याजोगं वितरण आलं तेव्हाच, नाव बदलायला हवं होतं. तेव्हा बदलायचा कोड कमी होता.

२०१९ मध्ये निर्णय कसा झाला

दिवाळी आवृत्तीच्या सुमारास लॅरी वॉल यांनी राकू हे पर्यायी नाव म्हणून मान्य केलं होतं, म्हणजे पर्ल ६ राहीलच, शिवाय राकूही म्हणता येईल. दोन्ही नावं चालू ठेवण्याचा हा मधला मार्ग फार काळ टिकणारा नव्हता. दोन नावं असली की कागदपत्रं, सर्च आणि पॅकेज, तिन्हीकडे गोंधळ दुप्पट होतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये एलिझाबेथ मॅटिजसेन यांनी प्रकल्पाच्या ‘प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ या रेपोत (कोड आणि चर्चा ठेवायच्या जागेत) रीतसर मुद्दा दाखल केला: नावातला ‘पर्ल’ गोंधळात टाकतो आणि त्रास देतो. या रेपोची शिस्त चांगली आहे. आधी फक्त समस्या मांडायची, तिच्यावर चर्चा करायची, मग उपाय वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये (बदलाच्या प्रस्तावात) द्यायचा. सुरुवातीला कॅमेलिया हे नाव पुढे आलं. कॅमेलिया म्हणजे त्यांचं रंगीत फुलपाखरू, ज्याच्या पंखांत पी आणि ६ लपलेले आहेत. पण कॅमेलिया हवं की नको यावर बोलता-बोलता नाव बदलायचं की नाही हा मूळ प्रश्न बाजूला पडायला लागला. राकूला आधीच मान्यता होती, शब्द छोटा होता आणि कंपायलरच्या राकूडो या नावाशी जुळत होता. त्यामुळे अखेर तोच पुढे गेला. ऑक्टोबर २०१९ मध्ये लॅरी वॉल यांनी पुल रिक्वेस्टला संमती दिली आणि सोबत नवी द्राक्षमदिरा जुन्या बुधल्यांत भरू नये हे बायबलमधलं वचन उद्धृत केलं. संस्थापकाने स्वतः हे म्हणणं फार महत्त्वाचं ठरलं. त्यामुळे विरोधात असलेल्यांनाही आपण हरलो असं म्हणावं लागलं नाही.

मग प्रत्यक्ष काम. कमांड ‘पर्ल६’ ची ‘राकू’ झाली, पण जुनी कमांड लगेच काढली नाही. मॉड्यूलच्या फाइलींचं एक्स्टेन्शन ‘पीएम६’ वरून ‘राकूमॉड’ झालं, स्क्रिप्टचं ‘पी६’ वरून ‘राकू’, टेस्टचं ‘राकूटेस्ट’, दस्तऐवजांचं ‘राकूडॉक’. लांब एक्स्टेन्शन अनेकांना आवडली नाहीत, पण ती मुद्दाम तशी आहेत. आधी बऱ्याच फाइली साध्या ‘पीएल’ आणि ‘पीएम’ ने संपायच्या. त्यामुळे गिटहब आणि एडिटर त्या कधी पर्ल समजायचे, आणि ‘पीएल’ तर कधी प्रोलॉगही. लायब्ररी शोधण्याच्या जागा सांगणारं व्हेरिएबल ‘पर्ल६लिब’ चं ‘राकूलिब’ झालं. कुठल्याही ऑब्जेक्टचं कोडरूप दाखवणाऱ्या मेथडचं नावच ‘पर्ल’ होतं, तिचं ‘राकू’ झालं. कंपायलरच्या चुकांच्या संदेशांत ‘पर्ल ६ मध्ये असं लिहा’ असे उल्लेख होते, तेही बदलले. ही जागा नाव बदलताना सर्रास सुटते, कारण ती स्ट्रिंगमध्ये दडलेली असते आणि टेस्ट मोडल्याशिवाय लक्षात येत नाही.

काही गोष्टी मुद्दाम तशाच ठेवल्या आणि ते शहाणपणाचं होतं. मॉड्यूलची माहिती ठेवणारी फाइल अजून ‘मेटा६’ च आहे. ‘यूज व्ही६.डी’ अजून चालतं. राकूडोच्या आतल्या ग्रामर आणि ॲक्शन्सच्या क्लासांच्या नावांत ‘पर्ल६’ तसंच राहिलं, कारण ते वापरणाऱ्याला कधी दिसतच नाही. याचा एक परिणाम असा की राकूची पहिली आवृत्ती शोधायला गेलं तर ती ६ पासूनच सुरू होते. नव्या माणसाला याचं कोडं पडतं, आणि त्याचं उत्तर इतिहास सांगूनच द्यावं लागतं.

संस्थेच्या आणि परिषदेच्या नावांत आता पर्ल आणि राकू दोन्ही आहेत. मला ही तडजोड मनापासून आवडते. प्रकल्पांची नावं वेगळी आणि छप्पर एक.

आणि ते न आलेलं पर्ल ७

नावाचा गुंता सुटल्यावर २४ जून २०२० रोजी पर्ल ७ ची घोषणा झाली. ६ वापरून झालेला असल्याने तो सोडून थेट ७. योजना अशी होती की कोड ५.३२ चाच ठेवायचा, फक्त सुरुवातीच्या सेटिंग बदलायच्या. स्ट्रिक्ट (कडक नियम) आणि वॉर्निंग्ज (इशारे) आपोआप चालू, जुन्या काही लकबी बंद.

अडचण पुन्हा सातबाऱ्याचीच. ७ सुद्धा ‘यूएसआर बिन पर्ल’ याच पाथवर बसणार होतं. लिनक्सवर त्या पाथवर विसंबून असलेल्या असंख्य स्क्रिप्ट आहेत. डेबियन या लिनक्सच्या वितरणात पॅकेज बसवताना प्रश्न विचारणारी डेबकॉन्फ प्रणालीसुद्धा पर्लमध्येच आहे. स्ट्रिक्ट आपोआप चालू झालं की ‘माय’ हा जाहीर करणारा शब्द न लावता व्हेरिएबल वापरणाऱ्या पंचवीस वर्षं जुन्या स्क्रिप्ट बंद पडणार. वेगळा पाथ घ्यावा तर मग ते पर्ल ५ चा वारस कसं? पर्ल ६ ने ज्या प्रश्नावर ठेच खाल्ली तोच प्रश्न उलट्या बाजूने समोर आला.

मे २०२२ मध्ये पर्लच्या सुकाणू समितीने भूमिका स्पष्ट केली. ५.एक्स ची मालिकाच पुढे चालू राहील, आणि पुरेशी वैशिष्ट्यं साठली असं कधी वाटलं तर तेव्हा आकडा ७.० करता येईल, पण जुना कोड मोडणार नाही. त्याच महिन्यात ५.३६ आलं. फाइलीच्या सुरुवातीला ‘यूज व्ही५.३६’ लिहिलं की स्ट्रिक्ट, वॉर्निंग्ज, ‘से’ आणि फंक्शनच्या सिग्नेचर सगळं चालू होतं. न लिहिणाऱ्याचं काहीच बदलत नाही. पर्ल ७ कडून जे हवं होतं त्यातलं बरंचसं एका ओळीत मिळालं, पाथला धक्का न लावता. कुठल्या आवृत्तीचे नियम हवेत हे कोडने स्वतः सांगायचं, ही पर्लमधली सोय फार मोलाची आहे आणि इतर प्रकल्पांनी ती उचलावी असं मला वाटतं.

पायथनशी तुलना करणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे २ आणि ३ हा आकडा योग्य होता, कारण तीच माणसं २ बंद करून ३ कडे जात होती आणि १ जानेवारी २०२० ला त्यांनी २ खरोखर बंद केलं. आकडा वारसा सांगतो. दोन्ही प्रकल्प जगणार असतील तर तो आकडा खोटं बोलतो.

एकच फाइल, दोन मालक

व्हिडिओ आणि ऑडिओ हाताळणाऱ्या एफएफएमपेगचा वाद याहून कडवट होता. मार्च २०११ मध्ये त्यातल्या काही डेव्हलपरनी लिबएव्ही या नावाने फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा प्रकल्प, काढला. एफएफएमपेगचा ट्रेडमार्क मूळ लेखक फाब्रिस बेलार यांच्याकडे होता, त्यामुळे ते नाव नेता आलं नाही. लिबएव्ही हे नाव एफएफएमपेगच्याच लायब्रऱ्यांच्या सामाईक उपसर्गावरून घेतलेलं आहे, आणि दोन्ही प्रकल्प लिबएव्हीकोडेक, लिबएव्हीफॉरमॅट याच नावांच्या फाइली तयार करत राहिले. एका मशीनवर दोन्ही ठेवणं म्हणजे संकटच.

डेबियन आणि उबुंटूने लिबएव्ही स्वीकारलं. त्यांच्या कमांडचं नवं नाव ‘एव्हीकॉन्व्ह’. सोयीसाठी ‘एफएफएमपेग’ नावाची जुनी कमांडही ठेवली, पण ती चालवली की मोठ्या अक्षरांत यायचं: हा प्रोग्राम कालबाह्य झाला आहे, एव्हीकॉन्व्ह वापरा. लिहिणाऱ्यांच्या मनात ‘आमच्या पॅकेजमधली ही जुनी कमांड’ असेल. वाचणाऱ्यांनी ‘एफएफएमपेग प्रकल्प बंद पडला’ असं वाचलं. प्रकल्प तर जोरात चालू होता. दुसऱ्याच्या जिवंत नावापुढे ‘कालबाह्य’ लिहिणं यासारखी चूक नाही. आजही जुन्या उत्तरांत हा गैरसमज सापडतो.

एफएफएमपेगने यावर जो उपाय केला तो शिकण्यासारखा आहे. लायब्ररीच्या आवृत्तीचा तिसरा आकडा त्यांनी १०० पासून सुरू केला, लिबएव्हीने तो ० पासूनच ठेवला. त्यामुळे ५६.६०.१०० दिसलं की एफएफएमपेग हे प्रोग्रामला लगेच ओळखता येतं. एफएफएमपेगची आवृत्ती विचारली की त्याच्या लायब्रऱ्यांचा तिसरा आकडा अजूनही शंभर किंवा त्यापुढचा दिसतो, तो त्यामुळेच. डेबियनने २०१५ मध्ये एफएफएमपेगकडे परत जायचं ठरवलं. त्याआधी दोन्ही एकत्र नांदावीत म्हणून लायब्ररीच्या नावात ‘-एफएफएमपेग’ असं शेपूट लावून पॅकेज बनवावी लागली होती.

मारियाडीबीची गंमत वेगळी. मायएसक्यूएल या डेटाबेसपासून फुटल्यावर काही वर्षं आकडे समांतर चालले, ५.१, ५.२, ५.३, ५.५. मग त्यांनी थेट १० वर उडी मारली, म्हणजे मायएसक्यूएलच्या पुढच्या आकड्यांशी टक्कर नको. निर्णय बरोबर होता. पण मायएसक्यूएलच्या रेप्लिकेशनमध्ये (एका सर्व्हरवरचा डेटा दुसऱ्यावर उतरवताना) आवृत्तीचं पहिलं अक्षर वाचण्याची सवय होती. १० मधला १ वाचून समोरचा सर्व्हर अतिप्राचीन आहे असं ते समजायचं. म्हणून मारियाडीबी स्वतःची ओळख ‘५.५.५-१०.३’ अशी देऊ लागलं. कनेक्शन तपासताना हे ५.५.५ बघून सर्व्हर जुना आहे असं समजू नका, खरा आकडा त्यानंतरचा आहे. हा उपसर्ग ११.० मध्ये काढला.

कोडचं बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या हडसन आणि जेन्किन्सचं भांडण लवकर मिटलं. ओरॅकलने हडसन नावावर हक्क सांगितला, २९ जानेवारी २०११ ला मतदानाचा निकाल २१४ विरुद्ध १४ लागला आणि जेन्किन्स नाव आलं. जावातल्या पॅकेजांची नावं मात्र आजही ‘हडसन डॉट मॉडेल’ अशीच आहेत. ती बदलली असती तर एकूण एक प्लगइन मोडलं असतं.

नाव बदलायची वेळ आलीच तर

पहिल्यांदा ‘बदलायचं का’ आणि ‘काय ठेवायचं’ हे दोन प्रश्न वेगळ्या धाग्यांत, वेगळ्या मुदती देऊन घ्या. एकत्र घेतले की सुचवलेलं नाव न आवडणारे सगळे बदलाच्याच विरोधात मत देतात. शेवटचा शब्द कुणाचा हे चर्चा सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवा. काम थांबवायचं नसेल तर तात्पुरतं, मुद्दाम बेचव नाव घ्या. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसचा परवाना बदलल्यावर फोर्क करणाऱ्यांनी रेपोला ‘प्लेसहोल्डरकेव्ही’ म्हटलं आणि काही दिवसांतच व्हॅल्की हे नाव जाहीर झालं. तात्पुरतं नाव कुणाला आवडेल असं ठेवू नका, नाहीतर तेच चिकटतं.

नवं नाव मोकळं आहे का हे तपासताना डोमेन आणि गिटहबवर थांबू नका. एनपीएम (जावास्क्रिप्टची) आणि पायपीआय (पायथनची) या पॅकेज रजिस्ट्री बघा. त्याहून महत्त्वाचं, डेबियनच्या सर्व पॅकेजांत त्या नावाची कमांड आहे का ते बघा. डेबियनचं धोरण कडक आहे: वेगळं काम करणाऱ्या दोन प्रोग्रामची एकच कमांड चालत नाही, आणि कुणी बदलायचं यावर एकमत झालं नाही तर दोघांनाही नाव बदलावं लागतं. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडजेएसला याचा फटका बसला. ‘नोड’ ही कमांड हौशी रेडिओवाल्यांच्या एका प्रोग्रामकडे आधीपासून होती. त्यामुळे डेबियन आणि उबुंटूवर कित्येक वर्षं कमांड ‘नोडजेएस’ होती आणि पहिल्या ओळीत ‘नोड’ मागणाऱ्या स्क्रिप्ट ‘अशी फाइल नाही’ म्हणून पडायच्या. ‘एफडी’ डेबियनवर ‘एफडीफाइंड’ आणि ‘बॅट’ ‘बॅटकॅट’ का आहे याचं कारणही हेच. दोन-तीन अक्षरांचं नाव निवडाल तर ही वेळ येणार असं धरूनच चाला. ट्रेडमार्क तपासताना वर्ग ९ आणि वर्ग ४२ दोन्ही बघा. पहिल्यात सॉफ्टवेअर येतं, दुसऱ्यात सॉफ्टवेअरच्या सेवा. भारतीय नोंदणीचा शोध ऑनलाइन करता येतो.

बदल करताना जुनी कमांड नव्या कमांडकडे जाणारी सिमलिंक म्हणून ठेवा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दोन्ही वाचा, दोन्ही दिलेली असतील तर नव्याला मान द्या आणि इशारा छापा. इशारा स्टँडर्ड एररवरच जायला हवा. आउटपुटमध्ये गेला तर दुसऱ्या प्रोग्रामला पाइप करणाऱ्यांचं काम बिघडतं. इशाऱ्यात ‘हे नाव बदललं आहे’ असं लिहा, ‘कालबाह्य’ हा शब्द टाळा. जुनं एक्स्टेन्शन निदान दोन मोठ्या आवृत्त्यांपर्यंत स्वीकारा.

पॅकेज रजिस्ट्रीत नाव बदलता येत नाही, नवं पॅकेजच काढावं लागतं. जुन्या नावावर फक्त नव्यावर अवलंबून असणारं पोकळ पॅकेज ठेवायचं. ते बंद कसं करावं याचा उत्तम नमुना सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीचा आहे. पायपीआयवर ‘एसकेलर्न’ नावाचं तसं पोकळ पॅकेज होतं. डिसेंबर २०२२ पासून ते ठरलेल्या वेळापत्रकाने तासातली काही मिनिटं मुद्दाम बंद ठेवायला सुरुवात झाली, पुढे ती मिनिटं वाढवत नेली आणि १ डिसेंबर २०२३ पासून ते कायम बंद झालं. एररच्या संदेशात काय बदलायचं तेही लिहिलेलं होतं, आणि घाईत असणाऱ्यांसाठी तात्पुरती पळवाटही. इशारे न वाचणाऱ्यांचं बिल्ड अधूनमधून पडतं, त्यांना कळतं, आणि पुन्हा चालवलं की त्या दिवसापुरतं काम होतं.

गिटहबवर रेपोचं नाव बदललं की जुना पत्ता आपोआप नव्याकडे नेतो, म्हणून लोक निश्चिंत होतात. त्या जुन्या नावाने तुम्ही स्वतःच नवी रेपो काढलीत तर ती वाट तत्काळ बंद होते, तेव्हा तसं करू नका. पूर्ण ऑर्गनायझेशनचं नाव बदललं असेल तर धोका मोठा आहे. जुनं नाव मोकळं होतं, कुणीही ते घेऊ शकतं, त्यात त्याच नावाची रेपो काढून स्वतःचा कोड ठेवू शकतं, आणि जुना पत्ता लिहिलेली प्रत्येक बिल्ड स्क्रिप्ट तो कोड उतरवून घेते. नाव बदलल्याच्या मिनिटाला जुन्या नावाने रिकामी ऑर्गनायझेशन काढून ती ताब्यात ठेवा, तिच्यात एकही रेपो टाकू नका, आणि तिच्या दोन मालकांपैकी निदान एक जण प्रकल्पात पुढची अनेक वर्षं राहणारा असेल हे बघा.